बेचाळीस रात्री आणि पालगडची वाट

दापोलीला जाणारी बहुतेक मंडळी समुद्र आणि सुरमई या दोन गोष्टींसाठी जातात. त्यात गैर काही आहे असे मी म्हणणार नाही. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला म्हणजे पाहणाऱ्याचे पाय वाळूत रुतून बसतात, आणि समोर सुवर्णदुर्ग असा काही उभा असतो की शिवाजीमहाराजांपासून आंग्र्यांपर्यंतचा सारा इतिहास आपल्यालाच तोंडपाठ आहे असे वाटू लागते. कोणी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जातात, कोणी मुरूडला जाऊन महर्षी कर्व्यांचे गाव पाहतात. आम्ही मात्र यंदा दिवाळीच्या सुटीत गेलो ते एका पुस्तकाच्या मागोमाग. पुस्तक सर्वांच्या घरी असलेले, निदान एकेकाळी असलेले: साने गुरुजींची ‘श्यामची आई’.

आता मराठीचा प्राध्यापक सुटीतसुद्धा पुस्तक घेऊन हिंडतो म्हणून हसू नका. ही कल्पना माझी नव्हती, आमच्या सौभाग्यवतींची होती. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊ वर्षांचा. दोघांचीही नजर त्या चौकोनी काचेला खिळलेली. गणपती गेल्यावर एके दिवशी सौ.नी जाहीर केले की, रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. सुरुवात ‘श्यामची आई’पासून, कारण त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. एकूण बेचाळीस. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशीच त्या पुस्तकाची मांडणी आहे. म्हणजे ते मुळात कानांसाठीच लिहिलेले पुस्तक. गुरुजींनी त्याचा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. आमचे विद्यार्थी त्याला ‘रडके’ म्हणतात, आणि खरे सांगायचे तर त्यातले निम्मे अश्रू कमी केले असते तरी चालले असते, असे माझेही मत आहे. पण एकट्याने मनात वाचताना जे अश्रू जास्त वाटतात, ते चारचौघांत मोठ्याने वाचताना तितकेसे जास्त वाटत नाहीत. वाचणाऱ्याचा आवाज मध्येच अडतो, ऐकणारे छताकडे पाहू लागतात आणि ते वाक्य पार पडते.

नियम एकच ठरला होता. ज्याला काही विचारायचे असेल त्याने हात वर करावा. वाचणाऱ्याने थांबलेच पाहिजे. या नियमामुळे अर्ध्या तासाची रात्र कधी तासाची होई.

आमच्या घरात ऐकणारी आणखी एक व्यक्ती होती, ती म्हणजे माझी आई. ती दापोली तालुक्यातली. आमचे घराणे कुणब्याचे. वडील मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपापर्यंत. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने हे पुस्तक वाचलेले नव्हते, पण अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमा तिने लहानपणी गावच्या उत्सवात पडद्यावर पाहिला होता. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळालेला तो हाच चित्रपट, एवढे मी मुलांना सांगितले. आई म्हणाली, “पदकाचं मला ठावं नाय. आमी सगळी रडलो होतो येवडं ठावं हाय.”

पाचव्या रात्री मथुरीची गोष्ट आली. मथुरी ही श्यामच्या घरी भात कांडायला येणारी बाई. ती तापाने आजारी पडते आणि श्यामची आई तिची काळजी घेते. गोष्ट साधी, गोड. वाचन संपल्यावर धाकट्याने ‘कांडणे म्हणजे काय?’ असे विचारले. मी उखळ, मुसळ, कोंडा, कण्या हे सारे शब्द वर्गात सांगावेत तसे सांगितले. आई काही न बोलता उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावू लागली. भांडी आधीच लावलेली होती.

पंचविसाव्या रात्री खरा पेच पडला. एका वृद्ध महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडली आहे. कोणी हात लावायला तयार नाही. श्यामची आई त्याला ती उचलून द्यायला पाठवते, आणि घरी आल्यावर आंघोळ करायला सांगते. लहानपणी आम्ही ही गोष्ट शाळेत ऐकली तेव्हा आईच्या थोरपणावर निबंध लिहिला होता. थोरलीने हात वर केला.

“मोळी उचलून दिली ते चांगलं केलं. मग आंघोळ कशाला?”

सौ. म्हणाल्या, “त्या काळात तेवढंसुद्धा कोणी करत नव्हतं.”

“ते कळलं. पण त्या म्हातारीला कळलं असेल ना, की हा आता घरी जाऊन आंघोळ करणार?”

वाचकहो, मी गेली अठरा वर्षे मराठी शिकवतो आहे. या गोष्टीतल्या म्हातारीला काय कळले असेल, हा प्रश्न माझ्या एकाही वर्गात कोणी विचारला नव्हता. मी तिला एवढेच सांगितले की, ज्या मुलाने ती आंघोळ केली त्यानेच पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. पहिल्या तारखेला बसले ते दहा तारखेला मंदिर खुले करण्याचे ठरल्यावरच उठले. थोरलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे त्याला तो प्रश्न तीसेक वर्षं सतावत असणार.” हे उत्तर मला माझ्या उत्तरापेक्षा बरे वाटले.

त्याच रात्री ठरले की, उरलेल्या रात्री तिकडे जाऊनच वाचायच्या.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून खेडला उतरून दापोली गाठणे फार सोपे झाले आहे. आईच्या बोलण्यात मात्र अजून बोटीचीच वाट असते. तिचे आजोबा मुंबईहून बोटीने येत, आणि त्यांना बोट लागे, हे आम्ही प्रत्येक प्रवासात ऐकतो. खेडहून एस.टी. घाट चढू लागली. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. काही शेते पिवळी उभी, काहींत नुसती कापलेली धसकटे, तर कुठे खळ्यावर झोडणी. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या जांभ्याचा आणि ओल्या पेंढ्याचा मिळून एक वास येतो. तो खिडकीतून आत आला मात्र, आमची आई खिडकीकडे सरकली. दापोली समुद्रापासून इतकी जवळ असून उंचावर आहे, म्हणून हवा थंड. साहेबाने येथे छावणी केली आणि जुनी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. १९७२ मध्ये येथे कृषी विद्यापीठ झाले. गुरुजी येथल्याच मिशनच्या शाळेत शिकले आणि सुटी लागली की पालगडला चालत जात. आमच्या धाकट्याला दापोलीच्या स्टँडवरून लॉजपर्यंत चालण्याचाच कंटाळा आला होता, त्यामुळे ही माहिती त्याला विशेष रुचली नाही.

पहिले दोन दिवस आम्ही लाडघरला राहिलो. एकतिसावी रात्र लाडघरच्या तामस्तीर्थाची आहे, ती तेथेच वाचायची हे धाकट्याचे ठाम मत. तामस्तीर्थ म्हणजे समुद्राचाच एक भाग. तेथली रेती आणि बारीक गोटे तांबूस आहेत आणि त्यामुळे काठाजवळचे पाणी तांबडे दिसते. सूर्य कलला की हा रंग अधिकच गडद होतो. पलीकडे बुरोंडीच्या टेकडीवर परशुरामाचा भव्य पुतळा उभारला आहे. तो पाहायला गाड्यांची रांग लागते. या वाळूत श्याम आपल्या आईला घेऊन आला होता, एवढ्यासाठी येणारे आमच्याखेरीज कोणी दिसले नाही. आम्ही फतकल मारून बसलो आणि सौ.नी वाचले. लाटांच्या आवाजात निम्मे ऐकू आले नाही. पण घरात बसून ज्या बाईचे सगळे आयुष्य गेले तिला एकदा समुद्र पाहायला मिळाला, एवढे सगळ्यांना कळले. वाचन संपल्यावर आई पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभी राहिली. सौ. म्हणाल्या, “आई, साडी भिजेल.” त्यावर ती म्हणाली, “भिजंना का.” तालुक्यात जन्म जाऊनही ती लाडघरला पहिल्यांदाच आली होती. शेतावरच्या माणसाला समुद्र पाहायला सवड नसते.

त्यापुढच्या रात्री कर्जाच्या आहेत. त्या एकामागून एक वाचणे मोठे कठीण गेले. सावकाराची माणसे दाराशी येतात, घरात तेल आहे तर मीठ नाही, आणि शेवटी गावात जप्तीची दवंडी पिटतात. धाकट्याने हात वर केला.

“बाबा, आपल्यावर कर्ज आहे का?”

“आहे,” मी म्हणालो. “घराचं. अजून चौदा वर्षं हप्ते भरायचे आहेत.”

तो एकदम गप्प झाला. बऱ्याच वेळाने अंथरुणातून आवाज आला, “आपल्या बिल्डिंगखाली ढोल वाजवतील का?”

हसण्याची गोष्ट नव्हती, पण आम्ही हसलो. मग उठून दिवा लावला आणि कागदावर त्याला पगार, हप्ता, शिल्लक असे सगळे मांडून दाखवले. पगार बंद झाला तर काय, हे त्याने विचारले. त्याचेही उत्तर दिले. आपल्या आईबापांचे उत्पन्न किती, हे आमच्या पिढीला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हते. मुलांपुढे पैशाची भाषा काढू नये हा मध्यमवर्गीय घरातला एक शिष्टाचार आहे. तो मोडला तेव्हा मला वाटले होते तितके जड गेले नाही. धाकटा आता बाजारात गेला की वस्तूची किंमत आधी विचारतो. हे गुरुजींच्या पुस्तकाचे फळ म्हणावे की आमच्या त्या कागदाचे, ठरवणे कठीण आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही आईच्या माहेरी गेलो. पालगडच्या वाटेवर एका फाट्याने आत शिरले की डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी आहे. मामा आता एकटेच शेती पाहतात. मामींनी दिवाळीचे पोहे केले होते, नव्या भाताचे. मागच्या अंगणात जास्वंदीच्या बुडाशी दगडी उखळ पडले होते. त्यात पावसाचे पाणी साचलेले आणि कोंबड्या ते पीत होत्या. धाकट्याने ओळखले. “मथुरीचं!” तो ओरडला. आई म्हणाली, “मथुरीचं नव्हं. माज्या आजीचं.”

त्या रात्री पुस्तक उघडलेच नाही. ओटीवर बसून आई बोलत राहिली. मी तिचा मुलगा, पण यातले निम्मे मला नवीन होते.

तिची आजी खोताच्या घरी कांडणाला जाई. खोत कोण, कुठला, त्याने काही फरक पडत नाही. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव खोत होते. पीक उभे असतानाच खोताचा माणूस बांधावर येऊन किती धान्य होईल याचा अंदाज बांधी. त्याला अभावणी म्हणत. पीक त्याहून कमी निघाले तरी खोताचा वाटा अंदाजाप्रमाणेच द्यावा लागे. कोठे अर्धेल, कोठे त्याहून कमी. वर वेठ निराळी. आजी पहाटे जाई ती उन्हे कलल्यावर येई; मजुरी म्हणून मुख्यतः कण्या मिळत. तिच्या हाताला पडलेले घट्टे इतके कठीण होते की नातवंडे त्यांवर खडा घासून पाहत.

“खोतीणबाई वाईट होती का?” थोरलीने विचारले.

“नाय गो. चांगली होती. दिवाळीला जुनं लुगडं द्यायची, ताप आला तर काढा द्यायची. आजी तिचं नाव काढायची. पण म्हनायची, चांगली खोतीण मिळनं ह्यो नशिबाचा भाग. आन् पोट नशिबावर टाकावं लागतं, ह्येच वाईट.”

मी प्राध्यापक असूनही मथुरीच्या गोष्टीवर एवढे नेमके भाष्य माझ्याकडून झाले नव्हते. १९३३ मध्ये गुरुजी तुरुंगात मथुरीविषयी लिहीत होते, त्याच वर्षी ऑक्टोबरात अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप सुरू केला, आणि तो १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळे मुंबईत मोर्चाने गेली. कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडले. गुरुजींचे घराणेही खोतांचेच, पण उतरती कळा लागलेले. म्हणजे त्यांच्या दारात दवंडी पिटली जात होती तेव्हाच मथुरीच्या घरातही काहीतरी चालले असेल. ते कोणी लिहिले नाही. याचा दोष मी गुरुजींना देत नाही. मथुरीचे नाव तरी त्यांनी ठेवले. बाकीच्या खोतांच्या घरच्या कांडपिणींची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. मी आईला तिच्या आजीचे नाव विचारले. “यसू,” ती म्हणाली. गुरुजींच्या आईचे नाव यशोदा.

एवढ्यावर रात्र संपती तर छान झाले असते. पण आई पुढे म्हणाली, “आन् आमीबी काय कमी न्हवतो. महारवाड्यातली बाय आली दारात तर आमचीबी आजी वरनंच घालायची पदरात. मीबी तसंच केलंय, लगीन होईस्तवर. ती लांब बसायची त्या फणसाखाली.”

फणस अजून तेथेच आहे.

थोरली उठून आत गेली. तिची जिवलग मैत्रीण कोणत्या समाजाची आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि ती आमच्या घरी आठवड्यातून तीनदा जेवते, आईच्याच हातचे. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली आजीशी बोलेना. तिने चहाचा कप पुढे केला नाही. सौ. मला खुणावत होत्या की तुम्ही काही सांगा. मी काही सांगितले नाही. आईने सांगितले नसते तर कोणालाच कळले नसते, आणि ती न सांगता राहू शकली असती, हे मुलीच्या कधी ना कधी लक्षात येईल असे मला वाटले. आणि तिचा रागही खोटा नव्हता.

त्या दिवशी आम्ही वणंदला गेलो. दापोलीजवळचे हे छोटेसे गाव म्हणजे रमाबाई आंबेडकरांचे माहेर. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. १९०६ मध्ये रमाबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आसपास होत्या, आणि आईवडील त्याआधीच गेलेले. पुढे पाच मुलांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्या स्वतः १९३५ च्या मे महिन्यात गेल्या. नकाशा काढून बघा: दापोलीच्या एका अंगाला वणंद, दुसऱ्या अंगाला पालगड, पलीकडे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. सुभेदार रामजी निवृत्त झाल्यावर दापोलीच्या कॅम्पातच येऊन राहिले होते, म्हणजे बाबासाहेबांचे अगदी लहानपण याच तांबड्या मातीत गेले. श्यामच्या गोष्टीत ज्या म्हातारीची मोळी पडली, ती यांच्यापैकीच कोणाच्या तरी आप्तांतली असणार. शाळेच्या पुस्तकांत हे दोन धडे निरनिराळे असतात. जमिनीवर ते एका एस.टी.च्या पल्ल्यात येतात.

वणंदला रमाईंचे स्मारक आहे. आम्ही ते पाहिले. मुलांनी तेथले सगळे वाचले, थोरलीने वहीत उतरवूनही घेतले. ऊन फार होते. परत निघताना आई रस्त्याकडेच्या एका घरापाशी थांबली. ओटीवर एक बाई तांदूळ निवडत होती. आमच्याजवळ पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या. तरी आई म्हणाली, “बाय, पानी देता का वाईच?” त्या बाईने स्टीलच्या तांब्यातून पाणी आणले. आई ओटीच्या पायरीवर बसली, पाणी प्यायली, आणि आणखी मागितले. मग दोघींचे पावसाविषयी, भाताविषयी, मुंबईतल्या मुलांविषयी बोलणे झाले. त्या बाईला यात विशेष काही वाटले असेल असे नाही. तहानलेली म्हातारी आली, पाणी पिऊन गेली. थोरली बाजूला उभी राहून पाहत होती. एस.टी.त ती आजीशेजारी बसली. बोलली नाही, पण बसली.

पालगड शेवटी ठेवले होते. गाव डोंगरांच्या मध्ये, वर किल्ला. गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपले आहे. उतरत्या छपराचे ते साधे घर पाहून धाकटा म्हणाला, “एवढंच?” एवढेच. गुरुजींचा जन्म १८९९ सालच्या डिसेंबरातला. आई गेली ती १९१७ मध्ये. तो शिक्षणासाठी दूर, ती येथे. शेवटी भेट झाली नाही. ते वाचताना सौ.चा आवाज बसला, म्हणून अर्धे मी वाचले. त्या ठिकाणी, अंगणाच्या कडेला बसून. आमच्यासारखीच आणखी दोन कुटुंबे आली होती. त्यांतले एक आजोबा आमच्याजवळ येऊन उभे राहिले आणि काही न विचारता ऐकू लागले. वाचन थांबले तसे ते डोळे पुसून निघून गेले.

मग थोरलीने तो प्रश्न विचारला, ज्याची आम्हाला पहिल्या रात्रीपासून धास्ती होती. “गुरुजी कसे गेले?”

मी सौ.कडे पाहिले. आम्ही आधीच ठरवले होते की विचारले तर खरे सांगायचे. सौ. म्हणाल्या, “११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.”

धाकट्याने विचारले, “का? सगळ्यांना प्रेम करायला शिकवणारा माणूस असं का करेल?”

खरे तर याचे एक उत्तर कोणालाच देता यायचे नाही. १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला, तेव्हा गुरुजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला होता. देशात जे चालले होते त्याचे त्यांना फार दुःख होते. पण दुःख पुष्कळांना असते आणि ते जगतात. सौ. म्हणाल्या की, शरीर आजारी पडते तसे मनही पडते. तेव्हा माणसाला पुढचे काही दिसेनासे होते, त्यात त्याच्या प्रेमाची कमतरता नसते. ताप लपवत नाहीत तसे हेही लपवायचे नसते. “तुम्हाला कधी असं वाटलं, कुणाच्याही बाबतीत, तर रात्री दोन वाजता उठवा. परीक्षा बुडाली तरी चालेल.” धाकटा म्हणाला, “आजीलासुद्धा उठवू?” आई म्हणाली, “मला तर आदी उटवा. मला झोप नसतेच.”

एवढे बोलणे झाले. भोवती भातकापणीचे दिवस, कोणीतरी रेडिओ लावला होता, आणि एका घराच्या अंगणात आकाशकंदील बांधायचे चालले होते. मुलांच्या पुस्तकातून मुलांना मरणाविषयी सांगावे का, असे आमच्या स्टाफरूममधले एक स्नेही मला नेहमी विचारतात. मुलांना मरण ठाऊक असतेच. ते कोणापाशी बोलावे, एवढेच ठाऊक नसते. असो. स्टाफरूममधले वाद येथे नकोत.

बेचाळिसावी रात्र परतीच्या गाडीत झाली. खेडला गाडी उशिरा आली, जागा मिळायला धडपड झाली, आणि पनवेल येईपर्यंत पुस्तक काढता आले नाही. शेवटची रात्र मी वाचावी असे ठरले होते. पण थोरलीने पुस्तक आजीच्या हातात दिले. “आजी, तू वाच.”

“मला येवडं जमतंय का? चाळशी बॅगेत हाय.”

थोरलीने बॅग काढली, चाळशी शोधली, पुसून दिली. आईने एका एका अक्षरावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. जोडाक्षराशी ती अडे, आणि थोरली हळूच तो शब्द सांगे. चार पानांना ठाण्यापर्यंतचा वेळ लागला. समोरच्या बाकावरच्या मुलाने कानातून तारा काढल्या होत्या. मध्येच आईने बोट थांबवले, हात वर केला आणि नातीला विचारले, “ह्यात मथुरी परत येत नाय का?”

“नाही, आजी.”

“बरं,” म्हणून आईने पुढचे वाक्य लावले.

आता पुढे काय वाचायचे यावर घरात दोन तट पडले आहेत. धाकट्याला भुताची गोष्ट हवी आहे. थोरलीने ग्रंथालयातून रमाबाईंचे चरित्र आणून ठेवले आहे. आईचे म्हणणे, तिने सांगितलेले कोणी लिहून काढणार असेल तर ती अजून बेचाळीस रात्री सांगू शकेल. पण कोणीतरी रोज तिच्या पायांना तेल लावले पाहिजे. थोरलीने वही घेतली आहे. तेल लावायला धाकटा तयार आहे, रात्रीमागे पाच रुपये मिळत असतील तर. हप्त्याचा कागद पाहिल्यापासून तो फुकट काही करीत नाही.